बालक स्वतःचे धनी कसे होते?

(ज्युबिली महोत्सवाच्या पूर्वसंध्येस, बोरगाव मेघे येथे पालक व शिक्षक ह्यांच्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगी धर्मगुरूने गतकाळाचा आढावा घ्यावा, पूर्वीच्या धर्मगुरूंचे व धर्मभगिनींचे उपकार स्मरावेत आणि परमेश्वराचे आभार मानून खाली बसावे, असा आपल्याकडील रिवाज आहे. ते कर्तव्य मी उद्याच्या मिस्सेत पार पाडीन. आज मात्र एका निराळ्याच विषयास हात घालणार आहे, आणि त्यास कारणही तसेच घडले आहे.

महोत्सवाची तयारी चालू असता आपल्या एका बैठकीत अशी सूचना आली की, सहा वर्षांखालील मुलांस मुख्य विधीच्या वेळी मंदिराबाहेर मंडपात बसवावे. ती रडतात, धावतात, एकमेकांशी भांडतात आणि भक्तीत व्यत्यय येतो. सूचना करणाऱ्या गृहस्थांचा हेतू शुद्ध होता. परंतु बोलण्याच्या ओघात ते म्हणाले, "आजकालच्या पोरांस वळणच राहिलेले नाही." मी त्या वेळी उत्तर दिले नाही. वळण म्हणजे काय, ते कोठून येते, आणि ते आले नाही तर अपराध कोणाचा, ह्या तीन प्रश्नांचा विचार करून आज उत्तर देत आहे.

प्रथम आपली ख्रिस्तसभा काय म्हणते ते पाहू. 1983 सालच्या धर्मसभेच्या कायदेसंहितेतील 97 व्या कलमात सात वर्षांखालील बालकाविषयी एक लॅटिन संज्ञा योजली आहे: 'नॉन सुई कॉम्पोस'. मराठीत सांगावयाचे तर, हे बालक अद्याप स्वतःचे धनी झालेले नाही. सात वर्षे पुरी झाली म्हणजे त्यास विवेकाचा उपयोग आला, असे गृहीत धरावयाचे. पोप दहावे पायस ह्यांनी 1910 साली प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकाराचे वय ठरविताना सातव्या वर्षाच्या सुमाराचीच मर्यादा मानली होती. ह्या संज्ञेत निंदा नाही, हे ध्यानात घ्या. मृगात पेरलेल्या पऱ्हाटीस श्रावणात बोंडे नाहीत म्हणून कोणी शेतकरी तिला दोष देत नाही. नासरेथच्या घरात प्रभू येशूही ज्ञानाने व शरीराने वाढत गेला, असे सांगावयास संत लूकास मुळीच संकोच वाटलेला नाही. देवाच्या पुत्रास जर वाढावे लागले, तर आपल्या लेकरांनी तीन वर्षांचे असतानाच शहाणे का असावे?

तथापि सातव्या वाढदिवशी पहाटे हे धनीपण आकाशातून उतरत नाही. आधीच्या सात वर्षांत ते कणाकणाने घडत असते. ते कसे घडते, ह्याचा अभ्यास गेल्या पाऊणशे वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी फार बारकाईने केला आहे. ज्या शक्तींच्या बळावर मनुष्य स्वतःस आवरतो व स्वतःस चालवितो, त्या शक्तींस ते 'कार्यकारी क्षमता' असे नाव देतात. नाव जड आहे, पण वस्तू आपल्या ओसरीवरची आहे.

आपण सर्वांनी लहानपणी 'चिमणी भुर्र' हा खेळ खेळला आहे. सर्वांनी जमिनीवर बोट टेकावयाचे. म्होरक्या म्हणतो, "चिमणी भुर्र," आणि सर्वांची बोटे वर जातात. "कावळा भुर्र," पुन्हा वर. आणि मग तो लबाडीने म्हणतो, "म्हैस भुर्र!" ज्याचे बोट उचलले गेले तो फसला. आता ह्या क्षणी त्या बालकाच्या मनात काय काय व्हावे लागते ते पाहा. उडणाऱ्याचेच बोट उचलावयाचे, हा नियम मनात धरून ठेवावा लागतो. उसळलेले बोट जागच्या जागी दाबावे लागते. आणि पक्ष्यावरून जनावरावर, जनावरावरून पुन्हा पक्ष्यावर, असे मन झटकन वळवावे लागते. पहिली शक्ती नियम मनात धरण्याची, दुसरी आवर घालण्याची आणि तिसरी मन वळविण्याची. 'वळण' ह्या आपल्या शब्दात ही तिसरी शक्ती जणू नावानेच बसलेली आहे. ह्या तिन्ही शक्तींचा आधार मुख्यत्वे कपाळामागील मेंदूच्या भागात असतो, आणि तो भाग पुरता पिकण्यास मनुष्याची पंचविशी उजाडते. तीन ते सहा ह्या वर्षांत मात्र त्याची वाढ विशेष वेगाने होते.

मानसशास्त्रज्ञांचा पत्त्यांचा एक साधा प्रयोग आहे. तीन वर्षांच्या बालकापुढे लाल व निळे ससे आणि लाल व निळ्या नावा काढलेले पत्ते ठेवतात. प्रथम रंगाप्रमाणे वाटावयास सांगतात, व ते बिनचूक वाटते. मग सांगतात, "आता रंग सोडून दे. ससे येथे, नावा तेथे." विचारले तर सशाची जागा कोणती हे बालक बरोबर सांगते. परंतु पत्ता हाती येताच हात पुन्हा रंगाकडेच जातो! चार-पाच वर्षांच्या सुमारास बहुतेक बालकांस हे साधते. बंधुभगिनींनो, ह्या प्रयोगाने मला चकित केले. त्या बालकास नियम ठाऊक आहे, ते तोंडाने तो सांगतेही, आणि तरीही त्याच्या हातून तो पाळला जात नाही. जे चांगले म्हणून पटते ते हातून घडत नाही, ही वेदना संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात स्वतःविषयीच बोलून दाखविली आहे. प्रौढ प्रेषिताची जी अडचण, ती तीन वर्षांच्या पोराची असल्यास नवल ते काय? म्हणून "सांगितलेले कळत नाही का?" असे आपण दरडावतो तेव्हा आपला प्रश्नच चुकलेला असतो. त्यास कळते. त्याच्याने होत नाही.

आता शाळेच्या नळाकडे चला. उन्हाचे दिवस आहेत, मधली सुट्टी झाली आहे, वीस मुले बाटल्या घेऊन उभी आहेत. पाठीमागच्या पोराने पुढच्यास ढकलले. आपण म्हणतो, "हे दांडगट आहे." पण रांगेत उभे राहण्यासाठी तहान आवरावी लागते, आपला क्रमांक मनात धरावा लागतो, आणि पुढच्यासही आपल्याइतकीच तहान आहे हे मानण्यासाठी मन स्वतःवरून त्याच्याकडे वळवावे लागते. म्हणजे 'म्हैस भुर्र'च्या वेळी लागणाऱ्या त्याच तीन शक्ती! खेळणे वाटून घेणे, दुसऱ्याचे बोलणे पुरे होऊ देणे, मार लागला तरी उलट न मारता बाईंकडे जाणे, हे सारे सामाजिक सद्गुण ह्याच मुळांवर उभे आहेत. मूळ कोवळे असेल तर दगड मारून फळ मिळत नाही.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी विदर्भातीलच एका शाळेचा मी व्यवस्थापक होतो. पहिलीच्या वर्गात साडेपाच वर्षांचा एक मुलगा होता. तो दुसऱ्यांचे डबे ओढी, रांगेतून पळे, अंगावर धावून जाई. तक्रारी वाढल्या, पालक कुरकुरू लागले, आणि त्या मुलास शाळेतून काढावे असे पत्र माझ्यापुढे आले. मी त्यावर सही केली. दुसऱ्या दिवशी त्याची आई माझ्या दारात उभी राहिली. ती मजुरीस जाणारी बाई होती. भांडली नाही, रडली नाही. एवढेच म्हणाली, "घरी त लहान्या बहिणीले हाच सांभायते, फादर." मी तिला नियम समजावून सांगितले व वाटेस लावले.

ते वाक्य मी आजवर विसरू शकलेलो नाही. साडेपाच वर्षांचे पोर आई शेतात गेली असता तान्ह्या बहिणीस झोका देते, तिच्या हातातील खडा काढून घेते, आपली भाकर तिला कुस्करून भरविते. म्हणजे आवर त्याच्याजवळ होता, दुसऱ्याची कळ त्यास येत होती. जेथे त्याच्यावर विश्वास टाकलेला होता व हातास काम होते, तेथे तो स्वतःचा धनी होता. आमच्या वर्गात त्यास काम नव्हते. पाच तास गप्प बसणे, एवढेच त्याचे काम होते. ती माता माझ्यापुढे पुरावा ठेवीत होती आणि मी नियमांचे पुस्तक चाळीत होतो. त्या मुलाचे पुढे काय झाले, मला कळले नाही. माझ्या सहीने त्याचे कल्याण झाले नाही, एवढे मी जाणतो.

त्यानंतर ह्या विषयाचे जे मिळाले ते मी वाचीत गेलो, आणि माझी मान आणखीच खाली गेली. कारण जे सत्य मला ठाऊक नव्हते ते आपल्या धर्मपरंपरेत व आपल्या ह्या वर्धा जिल्ह्यात केव्हाचे प्रत्यक्षात उतरलेले होते.

रोममधील सान लोरेन्झो ही मजुरांची वस्ती. आईबाप कामावर गेले की मुले इमारतीच्या भिंती खराब करीत, जिन्यांतून हुंदडत. त्यांस कोठेतरी गुंतवावे म्हणून इमारतीच्या मालकांनी एक खोली दिली, आणि मारिया माँटेसरी नावाच्या एका डॉक्टर विदुषीकडे ती मुले सोपविली. 1907 सालच्या जानेवारीची 6 तारीख, म्हणजे तीन राजांचा सण, हा त्या बालगृहाचा जन्मदिवस. ह्या बाई आपल्याच कॅथलिक पंथाच्या. त्यांनी मुलांस पाणी ओतावयास, गुंड्या लावावयास, फरशी पुसावयास दिले. प्रत्येक साधन वर्गात एकच ठेवले, जेणेकरून दुसऱ्याचे काम संपेपर्यंत थांबणे हे उपदेशाने न शिकविता प्रसंगानेच शिकविले जावे. त्यांचा मौनाचा खेळही प्रसिद्ध आहे. सर्व मुलांनी इतके निश्चल व्हावयाचे की, पलीकडल्या खोलीतून बाईंनी कुजबुजत्या स्वराने उच्चारलेले आपले नाव ऐकू यावे, आणि ऐकणाऱ्याने पावलांचा आवाज न करता उठून जावे. छडीने आणलेली शांतता आपण सर्वांनी पाहिली आहे. ही शांतता बालकाने स्वतः निर्माण केलेली होती.

ह्या माँटेसरीबाईंची व गांधीजींची भेट 1931 साली लंडनमध्ये झाली. पुढे 1939 साली त्या मद्रासेस आल्या आणि महायुद्धामुळे 1946 पर्यंत हिंदुस्थानातच राहिल्या. त्यांच्या विचाराचे बी मराठी भूमीत रुजविले ते ताराबाई मोडक ह्यांनी. गिजुभाई बधेका ह्यांच्यासमवेत भावनगरला बालशिक्षणाचे काम केल्यावर ताराबाईंनी 1945 साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला, व अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत ते काम वाढले. महागडी साधने त्यांनी टाकून दिली. बिया, शंख, काड्या, माती हीच त्यांची साधने. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, ह्या विचारातून 'अंगणवाडी' हा शब्द जन्मला, आणि 1975 च्या ऑक्टोबरच्या 2 तारखेस सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेमुळे तो देशभर पोहोचला.

आणि आपले वर्धा? 1937 च्या ऑक्टोबरच्या 22 व 23 तारखांस गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे शिक्षणपरिषद भरली आणि हाताच्या उद्योगातून शिक्षण देणाऱ्या नई तालीमचा पाया घातला गेला. योगायोग असा की, ती परिषदही एका ज्युबिलीच्या निमित्तानेच भरली होती. वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयाचा तो रौप्यमहोत्सव होता. डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या समितीने त्या योजनेस आकार दिला, आणि आर्यनायकम् व आशादेवी ह्या दांपत्याने सेवाग्रामास ती प्रत्यक्षात आणली. प्रारंभी ही योजना सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती. 1945 साली तिची कक्षा वाढवून सातांच्या आतील बालकांसही तीत स्थान दिले गेले, आणि सेवाग्रामच्या त्या पूर्व-बुनियादी शाळेचे काम शांताबाई नारूळकर ह्यांनी केले. आपले अंग व आपली जागा स्वच्छ ठेवणे, एकत्र जेवणे, झाडांस पाणी घालणे, हाच तेथला अभ्यास. 2005 सालापासून त्याच परिसरात आनंद निकेतन ही शाळा तो वारसा पुढे चालवीत आहे. आपल्या दारापासून काही कोसांवरचे हे सत्य शिकावयास मला लंडन-रोमची पुस्तके उघडावी लागली, ह्याची मला लाज वाटते.

कोणी म्हणेल, "फादर, ह्या गोड गोष्टी झाल्या. फळ काय?" प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात एका सरकारी माँटेसरी शाळेत प्रवेश चिठ्ठ्या टाकून दिला जात असे. ज्यांची चिठ्ठी निघाली ती मुले आणि ज्यांची न निघाली म्हणून इतर शाळांत गेली ती मुले, ह्यांची तुलना अँजेलिन लिलार्ड व निकोल एल्स-क्वेस्ट ह्या दोन विदुषींनी करून 2006 साली प्रसिद्ध केली. चिठ्ठीमुळे पक्षपातास फारसा वाव राहिला नव्हता. माँटेसरी शाळेतील पाच वर्षांची मुले कार्यकारी क्षमतेच्या चाचणीत सरस ठरली, एवढेच नव्हे तर मैदानावर अधिक सलोख्याने खेळली आणि भांडणाचा प्रसंग सोडविताना न्यायाचा विचार अधिक करू लागली. मुलांची संख्या फार मोठी नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. परंतु आवर व सलोखा ही एकाच वेलीची दोन फुले होत, हे त्यातून चांगले दिसते.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरी 1972-73 साली जन्मलेल्या सुमारे एक हजार बालकांचा अभ्यास वर्षानुवर्षे चालू राहिला. 2011 साली त्याचा जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा की, बालपणी ज्यांचा आत्मसंयम अधिक होता त्यांचे बत्तिसाव्या वर्षी आरोग्य व आर्थिक स्थिती सरासरीने बरी होती, आणि गुन्ह्यांत सापडण्याचे प्रमाण कमी होते. बुद्धी व घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावरही हा फरक उरला. म्हणजे प्रश्न केवळ मिस्सेतील गोंगाटाचा नाही, मुलाच्या उभ्या आयुष्याचा आहे.

मग हा संयम मुलाच्या रक्तातच असतो काय? कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे वॉल्टर मिशेल ह्यांनी 1960 नंतरच्या दशकात केलेला मिठाईचा प्रयोग आपल्यापैकी काहींनी ऐकला असेल. एक मिठाई पुढे ठेवून सांगावयाचे की, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. जी मुले थांबली ती पुढे यशस्वी झाली, असा गाजावाजा पुष्कळ झाला. 2018 साली नऊशेहून अधिक मुलांवर तोच विषय पुन्हा तपासला गेला, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर तो संबंध बराच क्षीण झाला. आणि न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर येथे झालेल्या एका लहान प्रयोगाने तर माझे डोळेच उघडले. सेलेस्ट किड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 28 मुलांचे दोन गट केले. एका गटास आधी चित्रकलेच्या चांगल्या वस्तू देण्याचे वचन देऊन ते पाळले. दुसऱ्या गटास वचन देऊन मोडले. मग दोन्ही गटांपुढे मिठाई ठेवली. ज्यांच्याशी वचन पाळले गेले ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांच्याशी मोडले गेले ती केवळ तीन मिनिटे!

मातापित्यांनो, हे तुमच्यासाठी व माझ्यासाठी आहे. "संध्याकाळी येताना खाऊ आणतो" असे सांगून आपण रिकाम्या हाताने येतो. "रडू नको, जत्रेला नेतो" असे सांगून नेत नाही. आपणांस वाटते, पोर विसरले. पोर विसरलेले नसते. थांबण्यात अर्थ नाही, हा धडा ते शिकलेले असते. दाराशी वडिलांच्या पावलांचा आवाज ऐकून आज ते शुद्धीवर आहेत की नाहीत, हे ज्यास ओळखावे लागते, त्या बालकाचे सारे मन पहाऱ्यावर उभे असते. शिकावयास व आवरावयास त्यात जागा उरत कोठे? भूक, अपुरी झोप, भीती, ही तिन्ही आधी ह्याच कोवळ्या शक्तीवर घाव घालतात. वर्गात जो सर्वांत अधिक धिंगाणा घालतो, त्याची आधी न्याहारी व रात्रीची झोप विचारा, मग शिक्षेचे पाहू.

शिक्षेविषयीही स्पष्ट बोलतो. 2009 सालच्या शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्या दोहोंवर बंदी घातली, आणि 13 व्या कलमाने प्रवेशाच्या वेळी मुलाची वा पालकांची चाळणी लावणे निषिद्ध केले. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचा निर्णय दिला. कायद्याची कक्षा कोठवर, हे न्यायाधीश ठरवोत. परंतु त्या निकालाचा आधार घेऊन आपल्या कोणा शाळेने छडी उचलावी किंवा तीन वर्षांच्या मुलाची मुलाखत घ्यावी, हे मला धर्मबाह्य वाटते. न्यायालयाने आपल्या संस्थांस स्वातंत्र्य दिले असेल. विवेकास सुट्टी दिलेली नाही. मुलांस चिरडीस आणू नका, असे बापांस बजावताना संत पौलाने शाळेचा प्रकार विचारलेला नव्हता.

संत जॉन बॉस्को ह्यांस नवव्या वर्षी पडलेले स्वप्न आपणांस ठाऊक आहे. शिव्या देणाऱ्या पोरांवर ते मुठी वळून धावले, तेव्हा त्यांस सांगण्यात आले की, ही पोरे मारून नव्हे, मायेनेच जिंकावयाची आहेत. 1877 साली त्यांनी आपली जी शिक्षणपद्धती लिहून ठेवली तिचे आधार तीन: विवेक, धर्म व वात्सल्य. शिक्षकाने अपराध घडल्यावर दंड करण्यापेक्षा, अपराध घडणार नाही इतक्या जवळ मुलांत राहावे, हे त्या पद्धतीचे सार. भीतीने आलेला आवर शिक्षक वर्गात असेपर्यंतच टिकतो. बाई पाच मिनिटे बाहेर गेल्या की वर्गाचे काय होते, हीच खरी परीक्षा.

आता करावयाचे काय? संत थॉमस अक्विनास सांगतात की, सद्गुण हा पुनःपुन्हा केलेल्या कृतीने अंगी मुरलेला गुण आहे. आधुनिक संशोधनही तेच म्हणते. एखाद्या यंत्रावरील खेळात मूल तरबेज झाले म्हणजे सर्वत्र संयमी होते, असे दिसून आलेले नाही. दिवसभराच्या जगण्यातच हा सराव झाला पाहिजे. म्हणून शिक्षकांस माझी विनंती अशी की, पहिल्या दोन इयत्तांत बसणे कमी करा व करणे वाढवा. पाणी देणे, खडू वाटणे, झाडांची निगा ही कामे पाळीपाळीने सर्वांस द्या, आणि सर्वांत दांडग्या मुलास सर्वांत आधी द्या. 'शिवाजी म्हणतो', 'मामाचे पत्र', 'चिमणी भुर्र' ह्या खेळांस वेळेचा अपव्यय समजू नका. आपल्याकडे तान्ह्या पोळ्यास चिमुकली पोरे लाकडी बैल सजवून ओळीत उभी राहतात व आपली पाळी येण्याची वाट पाहतात. हातात आपला स्वतःचा बैल असला की तीच पोरे कशी थांबू शकतात, हे दरवर्षी आपण पाहतो.

पालकांनी तीन गोष्टी कराव्यात. दिलेला शब्द पाळावा, आणि पाळता येणार नसेल तर देऊ नये. मुलास रोज एक खरे काम द्यावे, व ते वेडेवाकडे झाले तरी त्याच्या पाठीमागे पुन्हा करू नये. निजण्याची वेळ ठरवून द्यावी, आणि त्या वेळी मोबाइल आपल्याही हातून खाली ठेवावा. इतके करूनही एखादे मूल फारच मागे पडत असेल, ऐकत नाही असे वाटत असेल, तर त्यास कमी ऐकू येते काय, कमी दिसते काय, किंवा आणखी काही विकार आहे काय, हे वैद्यास दाखवावे. सेवाग्राम व सावंगी मेघे येथील मोठी रुग्णालये आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. ज्या मुलास चष्म्याची गरज आहे त्यास छडी देणे, हे अज्ञान नव्हे, पाप आहे.

आणि आता त्या सूचनेचे उत्तर. उद्याच्या मिस्सेत आपली मुले मंडपात बसणार नाहीत. ती सर्वांपुढे, वेदीजवळ, जेथून दिसते तेथे बसतील. अर्पणविधीच्या वेळी प्रत्येक बालक झेंडूचे एकेक फूल घेऊन येईल, आणि आपली पाळी येईपर्यंत ते फूल सांभाळील. सातवी-आठवीच्या प्रत्येक मुलामुलीने एका लहानग्याचा हात धरावयाचा आहे. कोणी रडलेच तर आईने त्यास खुशाल व्हरांड्यात न्यावे व शांत झाल्यावर पुन्हा आत आणावे. तिच्याकडे कोणीही मान वळवून पाहावयाचे नाही, एवढाच आवर आपण मोठ्यांनी पाळावयाचा आहे.

जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात ज्युबिलीचे वर्ष कसे पाळावे ते सांगितले आहे. त्या वर्षी गुलाम मोकळे होत आणि विकल्या गेलेल्या जमिनी मूळ धन्यास परत मिळत. आपण कोणाचे धनी राहिलेलो नाही, हे ठीकच आहे. परंतु आपल्या जिभेने आपण पुष्कळ बालकांस नावांत कोंडून ठेवले आहे: हा दांडगट, ही हट्टी, तो मठ्ठ, ते वाया गेलेले. ह्या ज्युबिलीस ती नावे आपण परत घेऊ या, आणि बालकास त्याची स्वतःची जमीन, म्हणजे त्याचे स्वतःवरील धनीपण, घडविण्यास अवकाश देऊ या.

एका पत्रावरील सही मला परत घेता येत नाही. ती माता आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. ह्या सभेतून मी तिची क्षमा मागतो. आपल्यापैकी कोणापुढे उद्या तसे पत्र आले, तर सही करण्यापूर्वी आईस आत बोलवा, बसावयास द्या, आणि घरी हे मूल काय काय करते, एवढे विचारा.

प्रभू येशू आपल्या सर्व बालकांस आशीर्वाद देवो. आमेन.